कापूस विकेपर्यंतचा स्टुडिओ

मोठी कला शांततेत जन्माला येते, आणि शांतता सगळ्यात जास्त कापसात असते. हे वाक्य कुठल्या ग्रंथात सापडत नाही. ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांच्या घरी कापूस नसावा. आम्ही मात्र छातीठोक सांगतो, की मुंबईतल्या मोठमोठ्या कंपन्यांकडे नसेल असा आवाजबंद स्टुडिओ आमच्या वडनेर भोलजीत भगवंतरावांच्या घरी होता. तिथं जे जे टेप झालं, त्यात बाहेरचा एक शब्दही शिरला नाही.

एक शिरला. तो 'इंद्याऽऽ' असा होता. त्याच्या मागून 'म्हैस सुटली' हेही शिरलं. एवढं सोडलं तर नाही.

सरकारनं राज्यातला सगळा कापूस आपण एकट्यानंच विकत घ्यायचा असं ठरवलं, त्या सुमाराची ही गोष्ट. योजना फार सोयीची होती. पूर्वी शेतकऱ्याला बाजारात जाऊन ताटकळावं लागायचं, आता घरीच ताटकळायची व्यवस्था झाली. खरेदी केंद्रावर नंबर लागायचा, नंबर आला की बैलगाडी न्यायची. तोवर कापूस घरात. भगवंतरावांच्या घरात तर माणसं ओसरीवर झोपायची आणि कापूस आतल्या खोलीत. पौषात ती खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत भरलेली होती, मधे फक्त एक माणूस आडवा सरकेल एवढी बोळ. त्या बोळीत उभं राहून बोललं, तर आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसे. (गावातली काही नवरा-बायको भांडायला ती खोली मागायची. भगवंतराव द्यायचे.)

भगवंतरावांचा मुलगा इंद्रभान अमरावतीला बी.ए. करायला गेला होता. तिथून तो पदवी सोडून बाकी सगळं घेऊन आला. त्यात एक गिटार होती. होस्टेलच्या रेडिओचा काटा पार टोकाला नेला, की कुठलंतरी परदेशी स्टेशन खरखरत लागायचं. तिथं एकदा त्यानं एक गिटार ऐकली. कुणी पत्र्याची नांद खडकावरून ओढत नेतंय, आणि मागून दुसरा कुणी ढोल बडवत 'आणखी ओढ' म्हणतोय, असा तो आवाज. देश कुठला, भाषा कुठली, काही कळलं नाही. पण तेव्हापासून त्याला दुसरं काही गोड लागेना. त्या आवाजाला तो 'वजनदार' म्हणायचा.

"वजनदार मंजे किती क्विंटल?" भगवंतरावांनी विचारलं.

त्यांच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. वजनाशी त्यांचा तेवढाच संबंध आलेला होता.

आता या सगळ्यात निकड काय होती ते सांगतो. अकोल्याला 'झंकार' नावाचा एक ऑर्केस्ट्रा होता. त्याचा गिटारवाला तलाठी होऊन निघून गेला होता. मालक उत्तमराव नवा माणूस शोधत होते, पण ते कुणाचं वाजवणं समोर बसून ऐकत नसत. त्यांचं म्हणणं, "समोर बसलं की चहा येते, चहा आला की भीड पडते. मंग नाही म्हणता येत नाही. टेपले नाही म्हणता येते." म्हणून इंद्रभाननं एक गाणं टेप करून ऐकवायचं, पसंत पडलं तर त्याला ऑर्केस्ट्रात घेणार, असं ठरलं.

इकडं भगवंतरावांनीही ठरवलं होतं. इंद्रभानचे मामा संग्रामपूरला बादल्या, साखळ्या आणि घमेल्यांचं दुकान चालवायचे, आणि त्यांना गल्ल्यावर बसायला घरचा माणूस पाहिजे होता.

"कापूस घरात हाय तोवर वाजव," भगवंतराव म्हणाले. "कापूस गेला की तूही गेला. संग्रामपूरले."

थोडक्यात, स्टुडिओची मुदत खरेदी केंद्राच्या हातात होती. कलेच्या इतिहासात कापसाचा नंबर लागू नये म्हणून नवस बोलणारा शेतकऱ्याचा हा एकमेव पोरगा असावा.

यंत्रसामग्री पुढीलप्रमाणे होती. एक स्पूलचा टेपरेकॉर्डर, मलकापूरच्या एका निवृत्त मास्तरांकडून आणलेला. त्याच्यावर भाकरीएवढी दोन चाकं, आणि फीत एकच. (नवं टेप केलं की जुनं पुसलं जायचं. त्यामुळे निवड करण्याचा ताप नव्हता.) एक मोठा जुना रेडिओ, ज्याच्या पोटात गिटारची तार जोडलेली. आणि त्या रेडिओचा स्पीकर, ज्याचा कागद उंदरांनी कुरतडलेला होता. शेवटची वस्तू सगळ्यात मोलाची. त्या कुरतडलेल्या कागदातून गिटार अशी काही फाटून यायची, की हुबेहूब नांद आणि खडक. इंद्रभाननं महिनाभर शोधलेला आवाज उंदरांनी एका रात्रीत करून ठेवला होता.

भगवंतरावांना हे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की पोरगं मोडक्या स्पीकरवर मेहनत करतंय. बापाचं काळीज. ते गुपचूप स्पीकर पोत्यात घालून नांदुऱ्याला गेले आणि नवा कागद बसवून आणला. दुसऱ्या दिवशी इंद्रभाननं तार छेडली, तर देवळात आरतीआधी घंटी वाजावी तसा स्वच्छ, नितळ, मंगल आवाज आला.

इंद्रभान खाली बसला.

"काऊन बे, आवडलं नाही?" भगवंतराव म्हणाले. "कारागीर म्हणे, आता दहा वर्षं काही होत नाही याले."

"बाबा, तो फाटका होता तोच पाह्यजे होता मले."

"फाटकं घरात काय कमी हाय? सांगाचं नं."

बापाला काही बोलता येत नाही. बोललं तर तो आणखी काहीतरी दुरुस्त करतो. इंद्रभाननं मग स्पीकरच्या नव्या कागदाला गुळाचं पाणी लावलं आणि तो कापसाच्या खोलीत तोंड वर करून ठेवला. उंदरांनी काम मनावर घेतलं. पहिल्यापेक्षाही सरस झालं, कारण या वेळी गूळ होता. या पद्धतीला आमच्या गावात अजून नाव नाही, पण तिच्यात बिघाड होत नाही.

गिटारचं जमलं. राहिला ढोल.

ढोलासाठी गावात एकच माणूस, तुळशीराम. तो लग्नाच्या बँडमधे मोठा ढोल वाजवायचा. ढोल गळ्यात, ढोलाच्या डोक्यावर झांज, एका हातानं ढोल, दुसऱ्या हातानं झांज. त्याच्या हाताखालून पंचक्रोशीतली निम्मी लग्नं गेली होती. पौषात लग्नं नसतात, म्हणून बँड बसून होता. तुळशीराम आनंदानं आला, खोलीतल्या बोळीत ढोल घेऊन उभा राहिला, आणि त्याच्या हातून काहीच वाजेना.

"काय झालं, तुळशीरामभाऊ?" इंद्रभाननं विचारलं.

"काही नाही. उभं राहून वाजवलं नाही कधी."

"मंग?"

"वरात चालत असते न भाऊ. पाय चालले की हात चालते. पाय थांबले की हाताले वाटते नवरीचं घर आलं."

ही अडचण खरी होती. बसवून पाहिलं, झोपवून पाहिलं, डोळे मिटायला सांगून पाहिलं. शेवटी त्याला चालू दिलं. तो वाजवत वाजवत खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, अंगणातून रस्त्याला लागला. टेपमधे ढोल सुरुवातीला दणदणीत, मग बेताचा, मग शेजारच्या गावात चाललेला असा आला. मागं दोन पोरं नाचत गेली ती वेगळीच.

यावर जो तोडगा निघाला, तो फक्त कापूस पिकवणाऱ्यांनाच सुचू शकतो. गाडीत कापूस भरताना माणसं वर चढून तो पायानं तुडवतात, म्हणजे जास्त मावतो. तुळशीरामला ढोलासकट कापसाच्या ढिगावर चढवलं. तिथं तो जागच्या जागी चालू शकत होता. पाय कापसात, हात ढोलावर. वरात निघाल्यासारखं वाजायला लागलं, आणि ती कुठं पोचतही नव्हती.

भगवंतरावांनी दारातून पाहिलं आणि गाण्याबद्दलचं त्यांचं मत एकदम सुधारलं. "वाजवा, वाजवा," ते म्हणाले. "तिकडल्या कोपऱ्यात थोडं जास्त वाजवा. तिथं पोकळ हाय."

कापूस तुडवला जाऊ लागला तसा ढीग खाली बसू लागला, आणि ढिगाबरोबर तुळशीरामही. सकाळी आढ्याला डोकं लागायचं, संध्याकाळी खिडकीतून फक्त टोपी दिसायची. आवाज रोज वेगळा यायचा. भगवंतराव रोज वरून नवा कापूस टाकायचे. एवढ्या तालात तुडवलेला कापूस तालुक्यात दुसरीकडं कुठं नसेल.

एकूण किती वेळा टेप केलं याचा हिशोब कुणी ठेवला नाही. ढोबळ मानानं सांगायचं, तर निम्मे प्रयत्न वीज गेल्यामुळं वाया गेले. पाव तुळशीरामला सवयीनं मधेच 'नवरदेवाचे मामा कोण हायत' असं विचारावंसं वाटल्यामुळं. उरलेले इंद्रभानच्या आई सत्यभामाबाईंमुळं. कापसातून ढोल बाहेर जात नव्हता, गिटार बाहेर जात नव्हती, पण सत्यभामाबाईंची हाक आत यायची. त्याबद्दल त्यांना विचारलं असता त्या म्हणाल्या, "मले काय माहीत आत काय चाललं. आवाज येतच नाही नं बाहेर. मले वाटलं झोपले."

त्यांना दिवसभर नणंदेकडं पाठवलं आणि त्या दिवशी गाणं झालं. सुरुवातीला बराच वेळ नुसता ढोल, वाट तुडवत येणारा. मग ढोल थबकतो, आणि तिथून गिटार कोसळते. शेवटपर्यंत कोसळतच राहते. तुळशीरामनं ऐकता ऐकता ढोल गळ्यातून काढला. मग म्हणाला, "भाऊ, असं लग्नात वाजवलं तर नवरी बापाच्याच घरी राहीन." ही तारीफ होती की नाही, हे इंद्रभाननं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव नांदुऱ्याला गाडीनं उतरणार, इंद्रभान त्यांना घेऊन येणार, आणि ते ओसरीवर बसून टेप ऐकणार, असं ठरलेलं. आता रात्रभर स्पूल ठेवायचा कुठं. उंदरांची भीती नव्हती, ते स्पीकरमधे गुंतले होते. भीती भगवंतरावांची होती. टेपमधे खरखर आहे असं त्यांच्या कानावर गेलं असतं, तर त्यांनी सकाळपर्यंत ती काढून आणली असती. म्हणून इंद्रभाननं स्पूल बापाच्या मायेपासून सुरक्षित अशा एकाच ठिकाणी ठेवला. कापसात, हात पुरेल तितका खोल.

सकाळी तो पहिल्या एस.टी.नं नांदुऱ्याला गेला. दुसऱ्या एस.टी.नं केंद्राचा माणूस आला आणि म्हणाला, तुमचा नंबर आजच आहे.

इंद्रभान उत्तमरावांना घेऊन घरी पोचला, तेव्हा स्टुडिओ झाडून काढलेला होता. सत्यभामाबाई शेणानं जमीन सारवत होत्या.

"माय, कापूस?"

"गेला. तुह्या बाबाले म्हटलं पोरगं येऊ द्या, तर म्हणे उशीर झाला तर नंबर जाईन. काऊन रे, पांढरा पडला तू?"

उत्तमराव भले माणूस. ते म्हणाले, "मी टेप ऐकाले आलो. टेप जिथं असीन तिथं ऐकतो." दोघं आल्या पावली निघाले आणि खरेदी केंद्रावर पोचले. (केंद्राचं नाव घेत नाही. आमचा कापूस अजून तिथंच जातो.)

तिथं भगवंतरावांची गाडी काट्यापाशी उभी होती. ग्रेडर साहेबांनी प्रत पाहायला नियमाप्रमाणं कापसात कोपरापर्यंत हात घातला होता, आणि तो बाहेर काढताना हातात स्पूल आला होता.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"साहेब, ते माहं गाणं हाय," इंद्रभान धापा टाकत म्हणाला.

"नियमात पाला, माती, दगड आणि ओलावा एवढंच आहे. गाणं नाही." साहेबांनी थोडा विचार केला. "म्हणून 'अन्य पदार्थ' म्हणून घ्यावं लागेल."

अन्य पदार्थ सापडल्यावर काय करायचं, याची कार्यपद्धती ठरलेली होती आणि ती निष्पक्ष होती. सापडलेल्या पदार्थाचे दोन सारखे भाग करायचे. एक मालकाला द्यायचा, दुसरा लाखेची मोहर लावून तपासणीसाठी वरच्या कार्यालयात पाठवायचा. निकाल लागेपर्यंत माल मालकाच्या घरी, सीलबंद. साहेबांनी फीत उलगडली, दोन पंचांसमोर मधोमध दुमडली आणि कात्रीनं कापली. पंच म्हणून एका बाजूला गाडीवान आणि दुसऱ्या बाजूला उत्तमराव यांच्या सह्या झाल्या. उत्तमराव पाहुणे होते, त्यांना नाही म्हणता आलं नाही.

कापूस परत आला. खोलीला सील लागलं. गिटार आणि स्पीकर आतच राहिले, कारण कापूस उतरवताना भगवंतरावांनी पोराचं सामान जपून परत जागच्या जागी ठेवलं होतं.

मग ओसरीवर टेपरेकॉर्डर मांडला आणि मालकाच्या वाट्याचा अर्धा भाग लावला. ढोल सुरू झाला. उत्तमरावांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा पाय हलायला लागला. मग मान. ढोल जवळ आला, आणखी जवळ आला, थबकला, आणि फीत संपली.

उत्तमरावांनी डोळे उघडले. "पुढचं?"

"पुढचं कार्यालयात हाय."

"गिटार?"

"ती पुढच्यात."

उत्तमरावांनी चहा घेतला. "मी अर्ध्यावर नाही म्हणत नाही अन् हो बी म्हणत नाही," ते म्हणाले. "पुढचं आलं की कळवजो. दुसरा माणूस घेत नाही तोवर." आणि गेले.

दुसरा एखादा असता तर हताश झाला असता. इंद्रभानची बाजू मात्र कायद्यानं भक्कम झाली होती. कापूस गेला की संग्रामपूर, अशी अट होती. कापूस गेला नव्हता. मामांची तीन पत्रं आली. प्रत्येकाला भगवंतरावांनी एकच उत्तर दिलं, की पोरगा तयार आहे, पण तपासणी चालू आहे. माघात लग्नं लागली, तुळशीराम बँडबरोबर निघून गेला. उन्हाळा झाला, पाऊस झाला, कापूस आत पिवळा पडत गेला, आणि भाद्रपदात कार्यालयाचा निकाल आला.

तपासणी कसून झालेली होती. नमुना तांत्रिक तज्ज्ञांच्या समितीसमोर तीन वेळा वाजवण्यात आला होता. समितीचा निष्कर्ष असा, की सदर फितीवरील आवाज हा सरकी काढण्याच्या यंत्राचा असून यंत्राचा रोलर झिजलेला आहे. शेतकऱ्यानं हा दोष फितीवर नोंदवून कापसातून केंद्राच्या नजरेस आणून दिला, त्याबद्दल त्याचं अभिनंदन. त्या अहवालावरून तालुक्यातलं एक जिनिंग बंद करून उघडून पाहिलं. रोलर खरोखर झिजलेले निघाले. इंद्रभानच्या गिटारमुळं काय काय होऊ शकतं हे गावाला तेव्हा कळलं. भगवंतरावांचा कापूस मंजूर झाला, आणि नमुना रजिस्टर पोस्टानं परत पाठवत असल्याचं कळवलं.

इंद्रभाननं उत्तमरावांना तार केली. उत्तमरावांनी अजून माणूस घेतला नव्हता. ते शुक्रवारी येतो म्हणाले.

गुरुवारी पाकीट आलं. इंद्रभान वेशीवर एस.टी.ची वेळ विचारायला गेला होता. पाकिटावर नाव भगवंतरावांचं, म्हणून त्यांनीच सही करून घेतलं आणि फोडलं. आतून तांबूस, चकचकीत, लांबच लांब फीत निघाली. सोबत कागद नव्हता. सरकारकडून भगवंतरावांना आजवर बियाणं, पावडर आणि खताचं कॅलेंडर आलं होतं. आता हे आलं. ज्वारी दाण्यावर आलेली, पाखरांनी उच्छाद मांडलेला. त्यांनी फीत उन्हात धरून पाहिली, ती चमकली. वाऱ्यावर धरून पाहिली, ती घुमली. योजना लगेच त्यांच्या ध्यानात आली. ते वावरात गेले आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांधापासून बांधापर्यंत, त्यांनी ती ताणून बांधली.

शुक्रवारी उत्तमराव ओसरीवर बसले. पहिला भाग पुन्हा ऐकला. पाय हलला, मान हलली, फीत संपली.

"पुढचं?"

इंद्रभाननं बापाकडं पाहिलं.

"पुढचं वावरात हाय," भगवंतराव अभिमानानं म्हणाले. "चाला, ऐकवतो."

सगळे वावरात गेले. वारा बरा होता. फीत घूं करून थरथरत होती, आणि सबंध वावरावर एक पाखरू नव्हतं. उत्तमराव धुऱ्यावर उभे राहून बराच वेळ ऐकत राहिले.

"हे चांगलं हाय," ते शेवटी म्हणाले. "वाजवते कोण?"

"वारा," भगवंतराव म्हणाले.

उत्तमरावांनी मान डोलावली. संध्याकाळच्या एस.टी.नं ते अकोल्याला परत गेले. त्यांच्या ऑर्केस्ट्रात आता ॲकॉर्डियनवाला आहे.

सोमवारी कापूस केंद्रावर गेला. मंगळवारी इंद्रभान संग्रामपूरला गेला. तो दुकानात बरा रुळला आहे, फक्त बादली दाखवताना ती वाजवून बघतो आणि जिचा आवाज चांगला येतो ती विकत नाही, अशी मामांची तक्रार आहे.

वाचकहो, हे गाणं टाकाऊ होतं असं तुम्ही कधीच ठरवून बसला असाल. ठरवा. समितीनं निदान निम्मं ऐकलं होतं, उत्तमरावांनी दुसरं निम्मं ऐकलं होतं, उंदरांनी तर मेहनत घेतली होती. तुम्ही एक सूरही ऐकला नाही, आणि मत मात्र तुमचंच पक्कं. कार्यालयात जागा निघाल्या तर अर्ज करा.

परवा जोराचा वारा आला आणि वावरातली फीत तुटून विहिरीत गेली. भगवंतरावांनी तिच्या जागी घरातला पहिला भाग नेऊन बांधला. त्यात नुसता ढोल आहे. पाखरं आली, फितीवर ओळीनं बसली, आणि पुढचं सुरू व्हायची वाट पाहत ज्वारी खाऊ लागली.